आजारी पॅरामेडिकच्या सर्टिफिकेटची मुदत थांबवावी का?

सायली, ओहायो
अमेरिकेत ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना सर्टिफिकेट देणारी संस्था म्हणजे नॅशनल रजिस्ट्री. तिचं सर्टिफिकेट टिकवायचं तर ते दर २ वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं. त्यासाठी इएमटीला, म्हणजे प्राथमिक उपचार देणाऱ्याला, ४० तासांचं शिक्षण लागतं; त्याच्या वरच्या पायरीवरच्या पॅरामेडिकला ६०. साधारणपणे ३१ मार्च ही शेवटची तारीख. केमो चालू असलेल्या माणसाने हे तास कधी भरायचे? उपचार चालतील तेवढा काळ हे २ वर्षांचं चक्र थांबायला हवं, आणि तेही कुणाच्या मर्जीवर न राहता नियमातच लिहिलेलं हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक ठरवलं. इथे पुष्कळ पॅरामेडिक अग्निशमन दलात असतात. आजार कामाने दिला असेल तर मुदत पाळण्याचं ओझं त्याच माणसावर का?

डॉ. मकरंद, पुणे
सहानुभूती आहे, पण मी विरोधात. लहान मुलाचं हृदय बंद पडलं की ते पुन्हा सुरू करण्यासाठी एपिनेफ्रिन हे औषध वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम द्यायचं असतं. धावत्या गाडीत दशांश चिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो. सराव कॅन्सरमुळे तुटला की दुसऱ्या कशाने, त्या मुलाला काय फरक पडतो? शिवाय काम थांबलेल्यांसाठी रजिस्ट्रीत ‘इनॅक्टिव्ह’ दर्जा आहेच की.

सायली, ओहायो
आहे, पण ‘इनॅक्टिव्ह’ राहायलाही शिक्षणाचे तास भरावेच लागतात. अडचण तिथेच आहे. आणि डॉक्टर, बरा झालेला माणूस थेट गाडीवर चढवा असं मी म्हणतच नाही. परतल्यावर त्याच्या सेवेच्या मेडिकल डायरेक्टरने, म्हणजे तिथल्या उपचारांची जबाबदारी असलेल्या डॉक्टरने, हातातलं कौशल्य तपासावं, हवं तितकं कडक. कोविडच्या वेळी २०२० मध्ये रजिस्ट्रीने ३१ मार्चची तारीख ३० जूनपर्यंत नेली होती. म्हणजे तारीख हलू शकते.

डॉ. मकरंद, पुणे
ती सवलत सगळ्या जगावर आलेल्या संकटासाठी होती. एकेका माणसासाठी चक्र थांबवायला लागलात की मर्यादा कोण ठरवणार? ६ महिने? ३ वर्षं? बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू करण्याच्या मार्गदर्शक सूचना २०१५, २०२०, २०२५ अशा दर ५ वर्षांनी नव्या येतात. थांबलेल्या माणसाकडून त्या सुटल्या तर?

निखिल, लीड्स
मर्यादा ठरवता येते. ब्रिटनमध्ये पॅरामेडिकची नोंदणी दर २ वर्षांनीच नवी होते, पण परत येणाऱ्याला कारण विचारत नाहीत, खंड किती ते बघतात. २ ते ५ वर्षांचा खंड असेल तर ३० दिवसांची उजळणी, त्याहून जास्त असेल तर ६० दिवसांची. आजारपण म्हणजे अपात्रता, असंही धरत नाहीत. आजार सांभाळून सुरक्षित काम करता येतं का, एवढंच बघतात. मला हे सर्वांत न्याय्य वाटतं.

वैशाली, सातारा
महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो, त्यामुळे आपल्याकडे प्रश्न जरा वेगळा. पण स्ट्रेचर तेच आणि जिनेही तेच. मी आधी एका खासगी ॲम्ब्युलन्सवर होते. कंबरेची नस दबली तेव्हा सर्टिफिकेटचं कुणी विचारलंच नाही, थेट दुसरा माणूस आला. मकरंद सर, तुमचा नियम आजारी माणसाला आजार लपवायला शिकवतो. ताप अंगावर काढून ड्यूटी करणारे मी पाहिलेत. पेशंटला खरा धोका त्यांच्यापासून असतो.

डॉ. मकरंद, पुणे
वैशालीताई, लपवण्याचा मुद्दा मान्य. निखिल म्हणतात तशी खंडावर आधारित उजळणी असेल तर माझा विरोध बराचसा कमी होतो. पण चक्र थांबलेलं असताना सर्टिफिकेट ‘चालू’ दिसता कामा नये. आणि परतण्याचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरचा नको. ट्यूमर गेला हे ऑन्कॉलॉजिस्ट सांगेल. ९० किलोचा पेशंट तिसऱ्या मजल्यावरून उतरवता येईल का, ते त्याला सांगता येणार नाही.

सायली, ओहायो
‘थांबवलेलं’ अशी वेगळी नोंद ठेवा, चालेल. फक्त ती नोंद सगळ्यांना उघडी नको. थांबण्याचं कारण रजिस्ट्रीला आणि मेडिकल डायरेक्टरला कळावं, बाकी कुणाला नाही. छोट्या गावात तर सगळे एकमेकांना ओळखतात.