निर्धूर चुलीचा धूर उलटा येतो. धुरांडं नीट साफ कसं करावं?

गावाकडची_सून:
गावच्या घरी वैलाची (मागे दुसरं भांडं ठेवायचं तोंड असलेली) निर्धूर चूल आहे. ४ इंची पत्र्याचा पाइप, उंची १० फूट, खाली एल्बो (वळणाचा जोड), वर टोपी. धूर पुढच्या तोंडातूनच बाहेर येतो. वरून बांबू घालून काजळी पाडली, तरी फरक नाही. काय राहिलं असेल?

पत्रेकाम:
पाडलेली काजळी एल्बोत बसली असणार. चूल पूर्ण गार झाली की एल्बो सोडवून झटका. मग चुलीतून वैलाकडे जाणारा बोगदा बघा. तिथे राख साचतेच, वाकवलेल्या सळईने ओढून काढा.

बांबू एकाच बाजूने खरवडतो. पाइपापेक्षा पाव इंच मोठा गोल ब्रश घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोरी बांधा. एकाने वरून, दुसऱ्याने खालून ओढायचं, म्हणजे ब्रश मध्येच अडकला तरी परत काढता येतो. खालच्या तोंडाला ओलं गोणपाट बांधा, दोरीपुरतं भोक ठेवून. नाहीतर भांडी घासत बसाल.

धूरवाट:
काजळी भुसभुशीत असेल तरच ब्रश चालतो. डांबरासारखा चकचकीत थर असेल तर ब्रश नुसता घसरतो. मग पाइप उतरवून लाकडी हातोडीने ठोका आणि खरवडा. रॉकेल ओतून जाळायचा उद्योग अजिबात नको, पत्रा लाल होऊन वासे पेटतात. हा थर छपराबाहेरच्या २-३ फुटांत सर्वांत जाड असतो, कारण तिथे धूर गार होतो. मूळ कारण ओलं सरपण. टोपीला जाळी असेल तर तीही बघा, आधी तीच बुजते.

साफ झाल्यावर वैलाच्या तोंडाशी कागद पेटवा. ज्योत पाइपाकडे ओढली गेली की वाट मोकळी. सकाळी गार पाइपामुळे पहिली काही मिनिटं धूर उलटा येणारच, त्याला तुंबणं समजू नका.

आणखी एक, इतरांसाठी: १९८० च्या दशकातल्या सरकारी योजनेतल्या चुलींना अनेक ठिकाणी ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप होते. ते कोरडे खरवडू नका, कापू नका. ती धूळ फुप्फुसांना घातक. बदलूनच टाका.

गावाकडची_सून:
एल्बो गच्च भरला होता! पाणी तापवायच्या बंबाच्या नळीलाही हाच ब्रश चालेल?

पत्रेकाम:
तारेचा असेल तर नको, तांबं झिजतं. काठीला काथ्या गुंडाळून फिरवा, खालची राख काढा. आणि पेटवण्याआधी बंब पाण्याने भरलेला हवा, नाहीतर सांध्यांचा डाख वितळून सुटतो.