मदत हवी आहे : ‘कोयनेची वीज पाण्यावर होते, मग ती वाचवायची कशाला?’ असे विचारणाऱ्या मुलांना काय सांगावे?

नमस्कार. मी कराड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. १४ डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनाला दरवर्षी घोषवाक्ये होतात, फेरी निघते आणि दुसऱ्या दिवशी वर्गातले पंखे रिकाम्या बाकांवर फिरत राहतात. म्हणून यंदा मुलांना वीज प्रत्यक्ष मोजायला लावावी, असे ठरवले आहे.

साधन घरोघरी आहेच. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. हा आकडा ३२०० असेल, तर फक्त ९ वॅटचा एलईडी दिवा चालू असताना दोन लुकलुकींमध्ये दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ जातो, ७५ वॅटच्या पंख्याला मिनिटाला चार लुकलुकी पडतात, आणि १५०० वॅटचा पाणी तापवायचा हीटर लावला की मिनिटाला ऐंशी. मुलांनी मीटरला हात न लावता, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, लांबूनच मोजायचे आहे. वॅट म्हणजे वीज खाण्याचा वेग आणि युनिट म्हणजे एकूण खाल्लेली वीज, हा फरक फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा असा लवकर उमगेल, असे मला वाटते.

अडचण पुढेच आहे. आमची मुले चौकस आहेत. एकाने विचारले की कोयनेची वीज पाण्यावर होते आणि पाऊस तर दरवर्षी पडतो, मग काटकसर कशासाठी? दुसऱ्याचे म्हणणे असे की २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, तेव्हा मोटर बंद करून घरच्यांचा काय फायदा? ‘वीज वाचवणे चांगले असते’ एवढ्यावर ही मुले गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नयेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी असे जुळवले आहे. शिवाजीसागरातले, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहाकडे जाते. तिथे ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते, त्यामुळे हजार लिटर पाण्यामागे ढोबळमानाने एक युनिट वीज मिळते. पुढे कोळकेवाडीला त्याच पाण्यावर आणखी वीज होते खरी, पण शेवटी ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. कराडच्या प्रीतिसंगमावर किंवा सांगलीच्या घाटावर ते परत येत नाही. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादाही घातलेली आहे. पूर्वेला नदीत सोडलेल्या पाण्यावर धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहात थोडी वीज होते, पण त्याची क्षमता अवघी ४० मेगावॉट, तर संपूर्ण कोयना प्रकल्पाची १९६०. शिवाय राज्याची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच होते, आणि संध्याकाळी मागणी एकदम वाढली की काही मिनिटांत चालू करता येणारी कोयना मदतीला घेतात.

हे सगळे खरे असले तरी सहावीच्या मुलासाठी फार झाले. यातले काय ठेवावे, काय गाळावे? छतावरची हजार लिटरची टाकी दाखवून ‘ही अख्खी टाकी म्हणजे एक युनिट’ एवढेच सांगितले, तर पुरेसे होईल का?

शेतीपंपाच्या प्रश्नावर मात्र मी खरोखर अडले आहे. पाच अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण पावणेचार युनिट घेते; तेवढ्यात ९ वॅटचा दिवा चारशे तासांहून जास्त चालतो. म्हणजे मुलाने रोज आठवणीने दिवा घालवला आणि उसात मोटर गरजेपेक्षा तासभर जास्त चालली, तर महिन्याभराची बचत त्या एका तासात गेली. ही तुलना मुलांपुढे मांडावी, तर ती घरी जाऊन वडिलांनाच जाब विचारतील. न मांडावी, तर आपण किरकोळ गोष्टींचाच उपदेश करतो, हे त्यांच्या लक्षात येईल. ठिबक आणि जमिनीतला ओलावा यांच्या अंगाने हा विषय पालकांना न दुखावता वर्गात कोणी घेतला आहे का?

आणखी एक. काही वस्त्यांवर एकाच मीटरवर दोन-तीन घरे आहेत. तिथे कोणत्या घरामुळे किती लुकलुकी पडल्या, हे मुलांनी कसे ओळखावे? सातारा-सांगली भागातल्या शिक्षकांनी किंवा वायरमन मंडळींनी कृपया सुचवावे.