रिसेप्टर: ग्राहक, ग्राही की रिसेप्टरच?

रानजाई: प्राण्यांच्या प्रसूतीवरचा एक लेख मराठीत आणतेय. ऑक्सिटोसिन हे नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, ते गर्भाशयाचा स्नायू आवळायला लावतं, इथवर जमलं. पुढे अडले. उंदरीण विण्याच्या बेतात असते तेव्हा रक्तातलं ऑक्सिटोसिन फारसं वाढलेलं नसतं. झपाट्यानं वाढतात ते स्नायूपेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे ऑक्सिटोसिन धरून घेणारी प्रथिनं. मी लिहिलं, 'ग्राहकांची संख्या वाढते'. मैत्रीण म्हणाली, हे बाजाराच्या बातमीतलं वाक्य वाटतं. तिचा आग्रह 'ग्राही'चा.

अनुस्वार: ग्राहीच. ग्रह् म्हणजे धरणं, घेणं. ग्राहकही त्याच धातूचा, पण तो बाजारानं नेला तो नेलाच.

सहाण: आयुर्वेदात 'ग्राही'ला पक्का अर्थ आहे: मल बांधून आणणारं द्रव्य, जसं सुंठ, जिरं. माझे विद्यार्थी 'गर्भाशयातील ग्राही' वाचून औषधच समजतील.

कासवचाल: रिसेप्टर लिहा. डॉक्टर तेच म्हणतात, पेशंटही तेच म्हणतात.

अनुस्वार: हार्मोनसाठी 'संप्रेरक'ही परका वाटायचा. पाठ्यपुस्तकात आला, रुळला. वापरलाच नाही तर रुळणार कसा?

रानजाई: पण नुसतं धरणं पुरत नाही ना! हे प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेलं असतं. बाहेरून ऑक्सिटोसिन येऊन बसलं की आत निरोप जातो, साठ्यातलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा स्नायू आवळतो. रिलॅक्सिन या दुसऱ्या संप्रेरकाचाही रिसेप्टर असतो, पण डुकरिणीत त्याचा निरोप उलटा, स्नायू शांत ठेवायचा. 'ग्राही'त घेणं आलं, निरोप पोचवणं कुठे आलं?

खुरपावलं: जुना पशुवैद्य आहे. मला तर स्नायू आवळण्याला लेखांत 'आकुंचन' म्हणतात तेच खटकतं. गाय अडली आणि हात आत असताना गर्भाची पिशवी आवळली की बोटं बधिर होतात. ती सैलावेपर्यंत थांबायचं, मगच वासराचा पाय सरकवायचा. हे सगळं 'आवळणे'त आहे. आणि लेखात एवढं जरूर लिहा: पिशवीचं तोंड उघडलेलं नसताना ऑक्सिटोसिन टोचू नये, पिशवी फाटू शकते.

मृद्गंध: आणि वेणा? आजी सांगायची, गाय विते म्हणून वेणा.

अनुस्वार: नाही. वेदना, वेअणा, वेणा असा तो आला. 'विणे' आलं विजायतेवरून. दोन वेगळी घराणी.

मृद्गंध: असतील. बोलणाऱ्याच्या मनात ती केव्हाच एक झालीत, आणि मला तेही मूळ इतकंच खरं वाटतं.

कासवचाल: वेणा, कळा सोसणारीच्या, आकुंचन स्नायूचं. शास्त्रीय लेखात सरमिसळ नको.

मृद्गंध: मग पान्ह्याचं काय? वासरानं ढुशी दिली की तेच ऑक्सिटोसिन कासेत काम करतं, तिथेही रिसेप्टर. प्रस्नवाचा पान्हा झाला, त्याचं 'पान्हावणे' झालं. असं एका शब्दाचं क्रियापद पिशवीला का नाही?

खुरपावलं: गाय भेदरली तर पान्हा चोरते, हेही घ्या. दूध कासेत असतं, पण उतरत नाही.

मृद्गंध: 'चोरते' नको. भीतीनं ॲड्रेनॅलिन वाढतं आणि पान्हा अडतो, त्यात तिचा काय दोष? आम्ही 'पान्हा घालत नाही' म्हणतो.

खुरपावलं: घालत नाही म्हणजे तर मुद्दाम, असंच ऐकू येतं. 'चोरते' म्हणतानाही तिला हळूच थोपटतात, आळ कोणी घेत नाही.