खेळायच्या जुन्या युरोपियन पत्त्यांवर अमेरिकेचे आदिवासी असे पिसं लावलेले का काढलेत?

चाळीसगावकर: आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की आमच्याकडे पत्त्यांचे डाव बसतात, त्यावरनं सहज नेटवर जुने कॅट बघत होतो तर अमेरिकेचे लोक म्हणून जो तो पिसं लावलेला. खरंच सगळे असे राहायचे का भो?

तापीकाठ: नाही रे भाऊ. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे तुपिनांबा लोक पिसांचं काम करायचे, त्यांचाच पोशाख युरोपच्या चित्रकारांनी अख्ख्या अमेरिकेला चढवला, मग बर्फातला माणूस असो की वाळवंटातला. १६४४ ला पाच-सहा वर्षांच्या फ्रान्सच्या राजाला, चौदाव्या लुईला, भूगोल शिकवायला त्याचा मंत्री माझारँनं पत्ते करून घेतले, चित्रं इटालियन चित्रकार स्तेफानो देला बेल्लाची, पत्त्यांचे चार रंग (इस्पिक, बदाम, किलवर, चौकट) म्हणजे चार खंड. चित्रं झकास आहेत पण माहिती म्हणून काडीची किंमत नाही. ऑस्ट्रेलियाचा तर पत्ताच नाही!

धडगाववाली: आमच्याकडच्या काठी गावच्या होळीत मोरपिसांचे उंच टोप घालतात, ते नवसाचे, होळीपुरते. फोटोवाले तेवढंच टिपतात आन लोकांना वाटतं आदिवासी बाराही महिने असेच फिरतात. पत्त्यांवर हेच झालं असणार, सणाचा पोशाख रोजचा करून टाकला.

चाळीसगावकर: पटलं ताई. इंग्लंडात पण असे होते का?

तापीकाठ: हो, १६७० च्या दशकात हेन्री विन्स्टन्लीनं काढले, खंडवार लोक आन त्यांचे कपडे. तोच, इंग्लंडजवळच्या समुद्रात एडीस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधणारा, १७०३ च्या वादळात दीपगृहासकट गेला बिचारा.