विमानप्रवासात तंबोऱ्याचा भोपळा फुटला : नुकसानभरपाईसाठी मदत हवी आहे

नमस्कार.

विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या वाद्याची मोडतोड झाली, तर भरपाई कोणत्या नियमाने ठरते आणि कोल्हापुरात राहून त्यासाठी कुठे दाद मागता येते, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मी येथे शास्त्रीय गायन शिकवते. सिंगापूरमधील एका कार्यक्रमासाठी मी पुणे ते दिल्ली आणि दिल्ली ते सिंगापूर असा प्रवास केला आणि त्याच मार्गाने परतले. जाण्यायेण्याचे तिकीट एकच होते, मात्र देशांतर्गत टप्पा एका कंपनीचा आणि परदेशाचा टप्पा दुसऱ्या कंपनीचा होता.

तंबोरा मिरजेचा आहे. माझ्या आत्याने तो तेथील कारागिरांकडून करून घेतला होता आणि पुढे मला दिला. साडेचार फुटांचे वाद्य केबिनमधल्या कप्प्यात मावत नाही, म्हणून जादा आसन विकत घेऊन ते शेजारी ठेवता येईल का, अशी विचारणा मी देशांतर्गत कंपनीकडे आधीच ईमेलने केली होती. त्यांनी लेखी नकार दिल्यामुळे तंबोरा सामानात देण्यावाचून पर्याय उरला नाही. तारा उतरवून, घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली) कापड घालून, गळ्याभोवती आणि भोपळ्याभोवती फोमचे थर देऊन तो फायबरच्या कडक पेटीत ठेवला होता. निघण्यापूर्वी काढलेली या बांधणीची छायाचित्रे माझ्याकडे आहेत.

परतताना दिल्लीला सीमाशुल्क तपासणीसाठी सर्व सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. तेथे पेटी बाहेरून पूर्णपणे धड होती आणि एक्सरे तपासणीनंतर ती मी देशांतर्गत टप्प्यासाठी परत सोपवली. पुण्याला पट्ट्यावर आली तेव्हा तिच्या रुंद बाजूला खोल चेप होता आणि एक कडी तुटलेली होती. मी तेथेच पेटी उघडली. भोपळा चेपाच्या नेमक्या समोर फुटला होता, गळ्याचा सांधा उकलला होता आणि तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी, एका कडेने सुटली होती. कंपनीच्या कर्मचाऱ्याने सामानाच्या तक्रारीचा अहवाल, म्हणजे पीआयआर, करून दिला खरा, पण त्यात केवळ ‘बाहेरील पेटीस इजा’ एवढेच लिहिले. आतील वाद्याची नोंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या काउंटरवर, त्यांच्या समोर, उघड्या पेटीची छायाचित्रे मी काढली आणि चौथ्या दिवशी दोन्ही कंपन्यांना ईमेलने सविस्तर तक्रार पाठवली.

परदेशी टप्प्याच्या कंपनीचे उत्तर असे की, नुकसान आमच्या टप्प्यात झालेले नाही. देशांतर्गत कंपनीने तीन मुद्दे मांडले आहेत. वाद्य नाजूक असल्याने सिंगापूरला ‘मर्यादित जबाबदारी’ची चिठ्ठी माझ्या सहीनिशी लावलेली होती, म्हणून आम्ही बांधील नाही, हा पहिला. आमचा टप्पा देशांतर्गत असल्यामुळे देशांतर्गत मर्यादाच लागू होते, हा दुसरा. आणि तरीही केवळ सदिच्छा म्हणून, वजनावर प्रति किलो दराने हिशेब करून, चार हजारांच्या आसपास रक्कम देऊ, मात्र त्याआधी वाद्याच्या खरेदीची मूळ पावती आणि ‘यापुढे कोणताही दावा राहणार नाही’ असे सहीचे पत्र द्यावे, हा तिसरा. कृपा केल्याच्या सुरात लिहिलेले ते पत्र वाचताना राग आवरणे मला कठीण गेले, हे नमूद करते.

मिरजेतील कारागिरांनी वाद्य पाहिले आहे. त्यांच्या मते भोपळा सांधून वाद्य उभे राहील, पण आवाजाची आस, म्हणजे तार छेडल्यावर टिकणारा नाद, पूर्वीसारखी राहणार नाही. नवा भोपळा घालायचा तर तबली सोडवून, गळा पुन्हा बसवून, पॉलिश आणि जवारी (तारेचा नाद खुलावा म्हणून घोडीची घासणी) नव्याने करावी लागेल, आणि त्याचा अंदाजे खर्च अठ्ठावीस हजार रुपये आहे. पेटीचा खर्च वेगळा.

माझे प्रश्न असे आहेत. त्या चिठ्ठीवरील सहीमुळे माझा हक्क खरोखर संपतो का? एकाच तिकिटावरच्या परदेशप्रवासाचा शेवटचा टप्पा ‘देशांतर्गत’ धरता येतो का? मूळ पावती नसताना तंबोऱ्याची किंमत कशी सिद्ध करावी? आणि दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत असताना तक्रार कोणाविरुद्ध करावी?

प्रतिसाद १

ताई, आपले कागद बरेच भक्कम आहेत. ग्राहक तक्रारींचे काम मी काही वर्षे केले असल्याने, क्रमाने न जाता महत्त्वाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो.

सगळा वाद दुसऱ्या मुद्द्यावर फिरतो. भारताने २००९ मध्ये १९९९ चा माँट्रियल करार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील नुकसानभरपाईचा करार, स्वीकारला आणि त्याचे नियम ‘कॅरेज बाय एअर अ‍ॅक्ट, १९७२’ या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. अनेक कंपन्यांनी मिळून केलेली वाहतूक प्रवासी आणि कंपन्या यांनी एकच व्यवहार म्हणून मानलेली असेल, तर तिचा एखादा टप्पा पूर्णपणे एकाच देशात घडला एवढ्यावरून तिचे आंतरराष्ट्रीय स्वरूप जात नाही, असे पहिलाच नियम सांगतो. आपले तिकीट पुणे ते पुणे असे एकच होते आणि मधला थांबा परदेशात होता. सिंगापूरही या करारात आहे. त्यामुळे दिल्ली ते पुणे हा टप्पा तोडून त्याला वीस हजारांची देशांतर्गत मर्यादा लावणे टिकणार नाही. तिकिटाची प्रत आणि त्यावरील एकच आरक्षण क्रमांक हा आपला सर्वांत मोलाचा पुरावा आहे, सामानाच्या चिठ्ठ्यांपेक्षाही.

करारात सामानाची मर्यादा प्रवाशामागे असते, किलोमागे नाही. प्रति किलोचा हिशेब मालवाहतुकीसाठी आहे. प्रवाशामागची मर्यादा आधी १२८८ एसडीआर होती, ती २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर झाली आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. हल्लीच्या दराने ही रक्कम पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास जाते. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली भरपाई नव्हे. प्रत्यक्ष नुकसान आपल्यालाच सिद्ध करावे लागेल, परंतु आपला खर्च तिच्या आत सहज बसतो. न्यायालयीन खर्च आणि व्याज त्याखेरीज मागता येते.

चिठ्ठीबद्दल : सोपवलेले सामान कंपनीच्या ताब्यात असताना खराब झाले, एवढे दाखवणे नियम १७ नुसार पुरते. कंपनीचा दोष दाखवावा लागत नाही. सामानातील अंगभूत दोष, गुणधर्म किंवा वैगुण्य यामुळे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच कंपनी सुटते. आणि करारापेक्षा कमी जबाबदारी ठरवणारी कोणतीही अट नियम २६ नुसार रद्दबातल असते. तेव्हा सहीमुळे हक्क बुडत नाही. मात्र बांधणी अपुरी होती, असा बचाव नियम २० च्या आधाराने ते नक्की घेतील. आपली निघण्यापूर्वीची छायाचित्रे तेथे उपयोगी पडतील, आणि जादा आसनास दिलेला लेखी नकारही.

तक्रार दोन्ही कंपन्यांविरुद्ध करावी. सामानाच्या बाबतीत पहिली, शेवटची आणि जिच्या टप्प्यात नुकसान झाले ती, अशा सर्व कंपन्यांविरुद्ध दाद मागता येते आणि त्यांची जबाबदारी संयुक्त असते. नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. ती आपण केलीच आहे, त्यामुळे पीआयआरमधील अपुरी नोंद फारशी आड येणार नाही.

आता कुठे जायचे ते. आपण राहता तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करण्याची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली आहे, म्हणजे कोल्हापूरलाच. मोबदला, म्हणजे येथे तिकिटाची रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. विमान कंपन्या अधिकारक्षेत्राची हरकत घेतात, पण ग्राहक मंच (आताचे आयोग) हेही ‘कॅरेज बाय एअर अ‍ॅक्ट’पुरते ‘न्यायालय’ आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ट्रान्स मेडिटेरेनियन एअरवेज विरुद्ध युनिव्हर्सल एक्सपोर्ट्स या निकालात म्हटले आहे. (कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले म्हणून थेट तेथे जाण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.) त्याआधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा आणि एअरसेवा या विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवून ठेवा. मुदतीबाबत एक इशारा : ग्राहक कायद्याची दोन वर्षांची मुदत सबळ कारण असल्यास माफ होऊ शकते, पण कराराखालील दोन वर्षे उलटली की हक्कच संपतो. म्हणून माफीवर भिस्त ठेवू नका.

प्रतिसाद २

वरील सर्व मान्य आहे, परंतु एक व्यावहारिक बाजू मांडतो. आयोगातील तारखा लांबतात आणि अठ्ठावीस हजारांसाठी वर्ष-दोन वर्षे जाऊ शकतात. नोटीस गेल्यावर कंपनीने दुरुस्तीचा पूर्ण खर्च आणि पेटीची किंमत देऊ केली, तर ती घ्यावी, असे माझे मत आहे. चार हजारांच्या पत्रावर मात्र सही करू नये.

प्रतिसाद ३

नमस्कार ताई. आमच्या घरी मिरजेत वाद्ये बनतात, म्हणून किमतीच्या मुद्द्यापुरते लिहितो.

जुन्या तंबोऱ्याची पावती बहुधा कोणाकडेच नसते. त्याऐवजी कारागिराकडून लेटरहेडवर दाखला घ्या. त्यात वाद्याची मापे, भोपळ्याचा घेर, लाकूड, अंदाजे वय, दुरुस्तीचा तपशीलवार खर्च आणि त्याच दर्जाच्या नव्या वाद्याची आजची किंमत हे सारे यावे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा उल्लेख दाखल्यात जरूर असावा, कारण ‘लाकडी वस्तू’ म्हणून किंमत लावणाऱ्याला त्यातून वाद्याची जात कळते. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात आणि मोठ्या घेराचा, सारख्या जाडीचा, पुरता वाळलेला भोपळा हवा तेव्हा मिळत नाही, हेही लिहून घ्या.

दुसरे, भोपळा कोरड्या हवेने आपोआप तडकला, असे कंपनी म्हणू शकते. वर सांगितलेला अंगभूत दोषाचा बचाव तो हाच. वाळून गेलेली चीर बहुतेक वेळा एकच आणि लांब जाते, तर आघात झालेल्या जागी भोपळा आत दबतो आणि तेथून चिरा फुटतात. पेटीचा चेप आणि फुटीची जागा एकमेकींसमोर ठेवून, मापपट्टी लावून छायाचित्र काढा आणि कारागिराचे मत त्याखाली सहीनिशी घ्या. तोवर दुरुस्तीला हात लावू देऊ नका.

धागाकर्ती

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. तिकिटावर आरक्षण क्रमांक एकच आहे, हे आताच पडताळून पाहिले. दाखल्यासाठी या आठवड्यात मिरजेला जाते आणि दोन्ही कंपन्यांना नोटीस काढते. पुणे विमानतळावरील पट्ट्याचे आणि सामान उतरवण्याच्या जागेचे चित्रीकरण जपून ठेवावे, अशी लेखी मागणी नोटिशीतच करावी की स्वतंत्रपणे विमानतळ प्रशासनाकडे करावी, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल. असे चित्रीकरण फार काळ ठेवत नाहीत, त्यामुळे त्याची घाई आहे.

प्रतिसाद १

दोन्हीकडे करा, आणि विमानतळाचे पत्र आजच पाठवा. त्यात उड्डाण क्रमांक, तारीख, पट्ट्याचा क्रमांक आणि सामानाच्या चिठ्ठीवरचा क्रमांक लिहा. चित्रीकरण त्यांनी दिले नाही, तरी आपण वेळेत मागितले होते, हे आयोगापुढे दाखवता येईल.