शब्दचर्चा : उडालेली पुंगळी ‘मापावर आणणे’ की तिचे ‘पुनर्आकारण’?

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. येथे नेमबाजीच्या छंदात उडालेल्या काडतुसाचे पितळी कवच टाकून न देता ते डायमध्ये (भोक असलेल्या पोलादी ठोकळ्यात) दाबून, नवा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टिकली), नवी दारू आणि नवी गोळी बसवून पुन्हा वापरतात. या छंदावर मराठीत लेख लिहिताना ‘रिलोडिंग’साठी ‘पुनर्भरण’ आणि ‘रिसायझिंग’साठी ‘पुनर्आकारण’ असे शब्द मी योजले आहेत, परंतु वाचताना ते दोन्ही परके वाटतात. याहून बरे शब्द आहेत का?

उत्तर : आधी ज्या वस्तूवर हे सारे घडते तिचे नाव निश्चित करावे, कारण पुढचा बराचसा गोंधळ तेथूनच सुरू होतो. ‘काडतूस’ हा पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून मराठीत रुळलेला शब्द संपूर्ण वस्तूचा आहे, त्यात कवच, प्रायमर, दारू आणि गोळी अशी चारही अंगे येतात. ‘गोळी’ म्हणजे नळीतून बाहेर पडणारा केवळ पुढचा भाग. बार उडाल्यावर बंदुकीत मागे उरते ती ‘पुंगळी’, आणि हा शब्द वर्तमानपत्रांतील गुन्हेवृत्तांमुळे प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. ‘घटनास्थळी दोन पुंगळ्या सापडल्या’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हणून ‘कवच’ किंवा ‘रिकामे काडतूस’ असे न लिहिता सरळ ‘पुंगळी’ लिहावे. तिच्या भागांना बूड, धड, खांदा, मान आणि तोंड ही नावे आपोआप लागू पडतात.

‘पुनर्भरण’ मला पटत नाही. तो शब्द आता भूजलाशी इतका बांधला गेला आहे की वाचकाच्या डोळ्यांसमोर विहीर उभी राहते. शिवाय नुसते ‘पुन्हा भरणे’ म्हटले तर बंदुकीत नवे काडतूस घालणे असाच अर्थ लागतो. ‘काडतूस भरणे’ आणि ‘बंदूक भरणे’ हा भेद मराठीत कर्मपद बदलल्याने नेमका दाखवता येतो, तेव्हा ‘जुन्या पुंगळीत काडतूस नव्याने भरणे’ असे एकदा स्पष्ट करून पुढे ‘काडतूस भरणे’ एवढेच लिहावे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, हेही लेखात एका वाक्यात सांगितलेले बरे.

आता मूळ प्रश्न. ‘पुनर्आकारण’ अर्थाच्या दृष्टीने चुकीच्या जागी बोट ठेवते, असे माझे मत आहे. उडालेल्या पुंगळीचा आकार बिघडलेला नसतो. बाटलीसारखी मान आणि उतरता खांदा तसाच असतो. बिघडते ते तिचे माप. .३०८ विंचेस्टरसारख्या रायफलीच्या काडतुसात बार उडतो तेव्हा आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींच्या आसपास पोहोचतो. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले ते पितळ त्या दाबाने फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते, मागे येऊ पाहणारा तप्त वायू अडवते, आणि दाब ओसरताच किंचित आखडते. ते किंचित आखडते म्हणूनच पुंगळी चेंबरमधून बाहेर निघते, आणि पूर्ण आखडत नाही म्हणून ती पुन्हा मापावर आणावी लागते. मानही सैल झालेली असते, त्यामुळे नवी गोळी तिच्यात पकड घेत नाही.

यासाठी आपल्याकडे तयार क्रियापद आहे : ‘मापावर आणणे’. कारखान्यातला फिटर हेच म्हणतो. यात एक सोय अशी की कोणते माप, हा प्रश्न ते मोकळा ठेवते, आणि या कामात खरी मेख त्याच प्रश्नात आहे. पुंगळी अख्खी डायमध्ये घालून बुडापासून तोंडापर्यंत आवळली तर ती प्रमाण मापावर येते आणि त्याच जातीच्या कोणत्याही सुस्थितीतील रायफलीत बसते. नुसती मान आवळली तर धड त्या एका रायफलीच्या चेंबरच्या मापाचे राहते आणि पुंगळी प्रायः त्याच रायफलीच्या उपयोगाची उरते. तिसरी रीत या दोहोंमधली आहे : धड आवळायचे, परंतु खांदा मात्र एक-दोन थाऊच मागे सरकवायचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन थाऊ म्हणजे मिलिमीटरचा सुमारे विसावा हिस्सा. तेव्हा ‘पूर्ण आवळणे’, ‘मान आवळणे’ आणि ‘खांदा मागे घेणे’ अशी तीन क्रियापदे मी सुचवीन, आणि ‘मापावर आणणे’ हे या तिन्हींचे सामान्य नाव ठेवीन. लेखात ‘पुंगळी मापावर आणली’ एवढेच लिहून थांबू नये. कोणत्या रीतीने आणली हे लगेच सांगावे.

हा भेद नुसता शब्दांचा नाही, हे .३०३ या जुन्या ब्रिटिश लष्करी काडतुसाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. या काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि चेंबरमध्ये ती त्या कडेवर अडते; .३०८ ची पुंगळी खांद्यावर अडते. .३०३ उडवणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलीचे चेंबर लष्करी वापरासाठी, चिखलमातीतही काडतूस सहज बसावे म्हणून, खांद्यापाशी ऐसपैस ठेवलेले असते, आणि तिचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) मागच्या बाजूला अडकत असल्याने बाराच्या धक्क्याने थोडा लवतो. त्यामुळे पहिल्याच बाराला पुंगळीचा खांदा बराच पुढे जातो. ती प्रत्येक वेळी पूर्ण आवळून प्रमाण मापावर आणली तर खांदा दर वेळी मागे ढकलला जातो आणि दर बाराला पुन्हा पुढे जातो. या ये-जा करण्यात पितळ बुडाच्या जरा वरच्या भागात ताणून पातळ होत जाते आणि थोड्याच फेऱ्यांत पुंगळी तेथून तुटून दोन तुकडे होतात. म्हणून .३०३ वापरणारे जाणकार नुसती मान आवळणे पसंत करतात. पितळ पातळ होत असल्याची खूण म्हणजे बुडाच्या वर बाहेरून दिसणारी फिकट चकाकती रेघ. ती दिसली की तारेचे टोक काटकोनात वाकवून, किंचित धार लावून, पुंगळीच्या तोंडातून आत सोडतात आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढतात. टोक जर एखाद्या खाचेत अडखळले, तर ती पुंगळी कोणत्याही मापाची असो, मोडीत काढायची.

.३०३ चा आपल्याशी एक जवळचा संबंध आहे. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ही काडतुसे तयार होत असत, आणि ‘के’ व ‘एफ’ ही रोमन अक्षरे बुडावर ठोकलेल्या खडकीच्या पुंगळ्या परदेशांतील नेमबाजांच्या हाती आजही येतात. त्यांतील प्रायमर बहुधा बर्डन पद्धतीचा असतो. या पद्धतीत प्रायमरच्या खळग्यातली ऐरण (जिच्यावर प्रायमर चेपला जाऊन ठिणगी पडते तो उंचवटा) पुंगळीचाच भाग असते आणि ठिणगी आत जाण्यासाठी मधोमध एक नव्हे, तर बाजूंना दोन बारीक छिद्रे असतात. नेहमीच्या डायमधील, जुना प्रायमर बाहेर ढकलणारी मधली सुई त्या ऐरणीवर आपटून वाकते किंवा मोडते, त्यामुळे पुंगळी मापावर आणण्यापूर्वी सुई काढून ठेवावी लागते.

शंका : ‘मापावर आणणे’पेक्षा ‘पूर्ववत करणे’ अधिक सोपे नाही का? आणि ‘डाय’ला ‘साचा’ म्हणण्यास काय हरकत आहे?

उत्तर : ‘पूर्ववत’ला माझा ठाम विरोध आहे, कारण तो वाचकाची दिशाभूल करतो, आणि येथे दिशाभूल धोक्याची आहे. पुंगळी कधीही पूर्ववत होत नाही. प्रत्येक वेळी फुगताना आणि आवळली जाताना पितळ थोडे अधिक कडक होते. काही फेऱ्यांनंतर आवळलेली मान पुन्हा उसळून सैल होऊ लागते आणि शेवटी मानेला उभी चीर पडते. त्यावर उपाय म्हणून मान आणि खांदा तापवून पितळ नरम करतात. बूड मात्र कधीच तापवायचे नाही, कारण दाब पेलण्यासाठी ते कडकच राहिले पाहिजे. या तापवण्याला परिभाषेत ‘अनुशीतन’ म्हणतात, पण मी ‘नरमावणे’ लिहीन. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीरही ठोकून ठोकून कडक झालेले भांडे मधूनमधून तापवून नरम करतात. क्रिया तीच आहे. फक्त ‘पाणी देणे’ हा लोहाराचा शब्द येथे वापरू नये. पोलादाची कोयती लाल करून पाण्यात बुडवली की ती कडक होते; पितळ तापवून पाण्यात टाकले तरी ते नरमच राहते. दोन धातूंच्या स्वभावातला हा फरक एका चुकीच्या वाक्प्रयोगाने पुसला जाईल.

‘साचा’ म्हटले की ओतकाम आठवते : गणपतीचा साचा. रायफलीच्या पुंगळीच्या बाबतीत काहीच ओतले जात नाही. अंगाला वंगण लावलेली पुंगळी प्रेसच्या दांड्याने जोर लावून पोलादी डायमध्ये चढवतात आणि तिचे अंग चहूबाजूंनी आवळले जाते. भोसरी-चिंचवडच्या छोट्या कारखान्यांत या वस्तूला ‘डाय’च म्हणतात, तेव्हा ‘डाय’ आणि ‘प्रेस’ तसेच ठेवावेत. वंगणासाठी मात्र मराठी शब्दच चांगला आहे, आणि त्याचे प्रमाण सांगायला लेखात जागा ठेवा : ते कमी पडले तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते आणि ओढताना कड फाटून हातात येते, जास्त झाले तर साचलेल्या वंगणाने खांद्याला पोचे पडतात. पुंगळी बाहेर येताना मानेतून कोरडा ओरखडल्यासारखा आवाज आला, तर मानेच्या आतल्या बाजूला वंगण लागलेले नाही असे समजावे.

राहिला लांबीचा प्रश्न. आवळल्यावर पितळ तोंडाच्या दिशेने सरकते आणि पुंगळी लांब होते; .३०८ मध्ये ती ५१.१८ मिलिमीटरपलीकडे जाऊ द्यायची नसते, नाहीतर तोंड चेंबरच्या पुढच्या टोकाला भिडून गोळीवर चिमटते आणि दाब वाढतो. म्हणून जादा भाग कातून टाकतात. यासाठी ‘छाटणे’ नको, ‘कातणे’ योग्य, कारण पाते फिरवून तोंडाची कड समान उतरवली जाते. त्यानंतर तोंडाची आतली-बाहेरची तीक्ष्ण धार मोडतात. पुंगळी मापावर आणल्यानंतरच तिची लांबी मोजावी. आधी मोजून काही उपयोग नाही, कारण डायमधून निघताना ती पुन्हा वाढलेली असते.