मदत हवी आहे: ई२२० (डब्ल्यू१२४) चं इंजिन वायरिंग हात लावला की भुगा होतंय

बंद_बोनेट

नमस्कार मंडळी,

गाडी मर्सिडीज ई२२०, डब्ल्यू१२४, १९९५ ची, पुण्यातच जोडलेली. पेट्रोल, एम१११ इंजिन, २१९९ सीसी, ऑटोमॅटिक.

त्रास असा: थंड असताना ठीक, गरम झाली की मिसिंग आणि सिग्नलला उभी असताना थरथर. पावसाळी हवेत सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. प्लग, प्लगच्या वायरी, पेट्रोल फिल्टर नवे टाकलेत, फरक शून्य. इंजेक्टरच्या कपलरमागची (वायर जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगमागची) रबरी टोपी मागे सरकवली तर वायरीचं कोटिंग खारीसारखं गळून पडलं. आतलं तांबं काळं.

प्रश्न:
१) उघड्या वायरींवर टेप मारून काही महिने निघतील का?
२) पूर्ण सेट नवा घ्यावा की जुन्या कपलरांवर नव्या वायरी ओढून घ्याव्यात?
३) वायर कुठली?
४) इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवावा लागेल का?

---

बारा_व्होल्ट

पहिल्यांदा गाडी चालवणं थांबवा, अगदी भाजी आणायलासुद्धा नको. मिसिंग परवडतं, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) परवडत नाही. या इंजिनाला दोन इग्निशन कॉइल आहेत, एक सिलिंडर १-४ ला आणि दुसरी २-३ ला. कॉइलच्या प्रायमरीची वायर थेट ईसीयूतल्या ड्रायव्हरकडे (कॉइल चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे) जाते. ती वायर बॅटरीच्या प्लसला चिकटली, की कॉइलचा अडथळा मधून निघून जातो आणि ड्रायव्हर जळतो. मग वायरिंगच्या खर्चावर ईसीयूचा खर्च चढतो.

टेपचं उत्तर नाही. तुम्हाला दिसतोय तो कपलरजवळचा दोन इंचांचा भाग. जाड बाह्य आवरणाखाली इंजिनाच्या डोक्यावरून जाणाऱ्या सगळ्या वायरींची हीच गत असणार. टेप मारताना वायर वाकते आणि वाकली की पुढची चार इंच तडकतात.

१९९२ ते ९५ च्या सुमाराच्या या वायरिंगचं कोटिंग उष्णतेने वाळतं, हे जगभरच्या डब्ल्यू१२४ वाल्यांना पाठ आहे. वायरिंगवर कुठेतरी छोटं लेबल असतं, त्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. त्यावर ९६ किंवा नंतरचं साल असेल तर आधीच्या मालकाने सेट बदललेला आहे आणि दुखणं दुसरीकडे असू शकतं. तुमचं वर्णन पाहता तसं वाटत नाही, पण लेबल शोधा.

आणि हो, कोणी ब्लूटूथवालं ओबीडी डबडं (नव्या गाड्यांचे एरर कोड वाचणारं) घेऊन आलं तर चहा पाजून परत पाठवा. या गाडीशी ते बोलत नाही.

तोवर मीटरने एवढं करा. बॅटरीचा मायनस काढा, ईसीयूचा प्लग सोडवा आणि प्लगच्या बाजूने वायरिंगकडे मोजा:
- इंजेक्टर: कॉमन प्लस ते प्रत्येक इंजेक्टरची पिन, १४ ते १७ ओहम
- कूलंट टेंपरेचर सेन्सर: २० अंशांना साधारण अडीच किलो-ओहम, ८० अंशांना सव्वातीनशे ओहमच्या आसपास
- क्रँक सेन्सर (इंजिनाचा फेरा ओळखणारा): ६८० ते १२०० ओहम

मीटरची टोकं पिनेच्या तोंडात कोंबू नका, पीन फाकते. आणि वायरीला सुई टोचून मोजणं तर या गाडीत गुन्हाच.

---

कपलर_काका

बारा_व्होल्ट यांना अनुमोदन. प्रश्न २ आणि ३ मी घेतो.

नवा सेट मिळत असेल तर तो घ्या, पण चॅसिस नंबर देऊनच. ऑटो-मॅन्युअल, क्रूझ असलेली-नसलेली, प्रत्येकाला फांद्या वेगळ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाडीवरून काढलेला सेट मिळेलही, पण तो त्याच वयाचा असणार. म्हणजे दुसऱ्याची खारी विकत घेणं. तिथून फक्त कपलर घ्यावेत.

बनवायचंच असेल तर:

जुना सेट कापू नका. अख्खा उतरवा. मोठा प्लायवूड घ्या, त्यावर सेट जसा इंजिनावर बसतो तसा मांडा, प्रत्येक वळणाला आणि फांदीच्या टोकाला खिळे ठोका. प्लायवरच पेनने लिहा: कुठला कपलर, कितवी पीन, ईसीयूची कितवी पीन, वायरीचा रंग, जाडी, लांबी. हा तक्ता झाल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाही. रंग वाळून सगळेच तपकिरी झालेले असतात, त्यामुळे रंगावर भरवसा न ठेवता प्रत्येक वायर मीटरच्या बझरने पडताळा. तीन-चार ठिकाणी एका वायरीच्या दोन-तीन होतात, ते जोड बाह्य आवरणाच्या आत लपलेले असतात. तेच विसरले जातात, आणि मग गाडी स्टार्टच होत नाही.

वायर: घरच्या वायरिंगची पीव्हीसी वायर अजिबात नको, ती ७० अंशांची. गाड्यांची साधी पातळ कोटिंगची पीव्हीसी १०५ पर्यंत जाते, डॅशबोर्डमागे ठीक, इंजिनावर नाही. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनची घ्या, १२५ अंशांची. जाडी जुन्यासारखीच. सेन्सर-इंजेक्टरना बहुधा ०.७५ चौरस मिमी आणि कॉइलच्या पुरवठ्याला त्याहून जाड सापडेल, पण मोजून ठरवा. रंग निदान सहा-सात ठेवा. सगळं काळ्या वायरीत ओढलं तर पुढच्या माणसाचे शिव्याशाप लागतील.

नॉक सेन्सर (इंजिनाची ठोके-खडखड ऐकणारा) आणि क्रँक सेन्सरची केबल शिल्डवाली, म्हणजे वरून धातूची जाळी असलेली, असते. तिथे साध्या दोन वायरी पिळून टाकल्या तर कॉइलचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करायची, दोन्हीकडे नाही.

टर्मिनल: इंजेक्टरच्या कपलरात २.८ मिमीचे ज्युनिअर टायमर टर्मिनल बसतात, नवेच घ्या. लॅमिंग्टन रोडला शोधलं तर मिळतात. रॅचेटवालं क्रिंपिंग प्लायर हवं, साध्या पकडीने दाबलेलं टर्मिनल महिन्याभरात सैल होतं. पुढची पाखं तांब्यावर, मागची पाखं कोटिंगवर. वर डाख (सोल्डर) लावू नका. डाख तांब्यात वर चढतो, जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

गुंडाळायला कापडी पीईटी टेप, इंजिनासाठीची. काळी पीव्हीसी टेप उष्णतेने गोंद सोडते आणि सहा महिन्यांत सगळं चिकट होतं. नळी घ्याल तर नायलॉनची.

---

तेलकट_पाना

सिलिकॉनची वायर कोणी सुचवली नाही म्हणून विचारतो, १८० अंश सहज सोसते.

---

कपलर_काका

सोसते, पण मऊ असते. ब्रॅकेटच्या धारेवर घासली की कापली गेलीच. नळीत घालून, कुठेही घासणार नाही अशी ओढणार असाल तर चालेल. पीटीएफई तापमानाला उत्तम, पण ताठ आणि सोलायला त्रासदायक. या इंजिनाला मी क्रॉसलिंक्डच म्हणेन.

---

बंद_बोनेट

मंडळी, खूप आभार. लेबल सापडलं, ९४ चंच आहे. मीटरचे आकडे (इंजिन थंड):

इंजेक्टर १: १५.९
इंजेक्टर २: ८.०
इंजेक्टर ३: ८.०
इंजेक्टर ४: १६.१
टेंपरेचर सेन्सर: २.३ किलो-ओहम (हवा २४ अंश)
क्रँक सेन्सर: ८४०

दोन इंजेक्टर एकदम खराब कसे?

---

बारा_व्होल्ट

इंजेक्टर दोन्ही ठणठणीत आहेत. ८ हा आकडाच सांगतोय. १६ ओहमची दोन वेटोळी समांतर जोडली की ८ होतात. म्हणजे २ आणि ३ च्या ईसीयूकडे जाणाऱ्या वायरी आत एकमेकींना चिकटल्यात. खात्री करा: ३ नंबरचा कपलर काढा आणि ईसीयूच्या प्लगवर ३ ची पीन पुन्हा मोजा. वायरिंग चांगलं असतं तर मीटरने काहीच दाखवलं नसतं. तुम्हाला १६ दिसतील, म्हणजे तो करंट २ नंबरच्या इंजेक्टरमधून फिरून येतोय.

या इंजिनात प्रत्येक इंजेक्टर आपापल्या वेळी उघडतो. तुमच्याकडे २ ची पाळी आली की ३ पण उघडतो, ३ ची आली की २ पण. दोघांना दुप्पट पेट्रोल. प्लग काढून बघा, २ आणि ३ काजळलेले निघतील, १ आणि ४ तपकिरी. गरम झाल्यावरच त्रास होतो कारण तेव्हाच तडा गेलेलं कोटिंग प्रसरण पावून तांबं तांब्याला टेकतं. आज थंड असतानाही ८ दाखवतंय म्हणजे आता कायमचं टेकलं.

टेंपरेचर सेन्सर योग्य आहे. पावसात स्टार्ट न होण्याचा बहुतेक याच वायरींशी संबंध, ओल शिरली की गळती वाढते.

---

बंद_बोनेट

केलं. ३ चा कपलर काढूनही १६.० दाखवलं. प्लगही तुम्ही म्हणालात तसेच. आता उतरवायचा क्रम?

---

तेलकट_पाना

हा भाग माझा.

बॅटरी सोडण्याआधी रेडिओचा कोड हाताशी आहे ना ते बघा. कंपनीचा मूळ रेडिओ असेल तर कोडशिवाय तो मुका होतो.

मॅनिफोल्ड उतरवा. न उतरवता करणारे असतात, पण नॉक सेन्सर त्याच्या खाली आहे आणि आंधळेपणाने हात घालून कपलरची कुंडी मोडली तर तो जन्मभर निसटत राहतो. मॅनिफोल्डचा गॅस्केट आणि इंजेक्टरचे ओ-रिंग नवे आणून ठेवा. पेट्रोलची रेल सोडण्याआधी प्रेशर काढा आणि खाली फडकं धरा. इंजिन थंडच हवं. पोर्टांत कापड कोंबा, सुटलेली एक स्क्रू आत गेली तर वायरिंग राहील बाजूला.

नॉक सेन्सर काढलात तर बसवताना खालची जागा स्वच्छ करा, वॉशर घालू नका, टॉर्क २० न्यूटन-मीटर. "घट्ट झालंसं वाटतंय" हे माप इथे चालत नाही, सेन्सर त्या दाबावरच ऐकतो.

जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा हेअर ड्रायरने कोमट करून काढा, नाहीतर कट्‌कन तुटतात. कॅम ॲडजस्टरच्या (कॅमशाफ्टची वेळ पुढेमागे करणाऱ्या भागाच्या) मॅग्नेटचा कपलर उघडून त्यात तेल आहे का ते बघा. असेल तर मॅग्नेट बदला, कारण ते तेल वायरीच्या तारांमधून वर चढत थेट ईसीयूच्या प्लगपर्यंत जातं आणि नवं वायरिंगही बाद करतं.

---

कपलर_काका

एक राहिलं. थ्रॉटल ॲक्च्युएटर, म्हणजे हवेची झडप विजेवर हलवणारा भाग. त्याची शेपटी (स्वतःच्या वायरी) त्याच्या पोटातून निघते, त्यामुळे ती मुख्य सेटमध्ये येत नाही आणि नव्या सेटबरोबर बदललीही जात नाही. वायरी मात्र त्याच जातीच्या. मुख्य वायरिंग नवं, तरी गाडी मधूनच पिकअप सोडते, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच. मॅनिफोल्ड उतरलेलाच आहे तर ॲक्च्युएटरही काढा, कव्हर उघडा आणि आतल्या वायरी नव्या करून घ्या. इथे मात्र आत डाखच लावावा लागतो, म्हणून वायर बाहेर निघते तिथे ताण येणार नाही असा पट्टा बांधा.

बसवण्याआधी टेबलावरच तपासा. प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत अर्ध्या ओहमच्या आत, आणि प्रत्येक पीन बाकी सगळ्यांशी पूर्ण उघडी, वायरिंग हलवत हलवत. मग बसवा, ईसीयूचा प्लग सगळ्यात शेवटी, इग्निशन बंद ठेवून. पहिला सेल्फ मारण्याआधी दोन-तीनदा इग्निशन चालू-बंद करा म्हणजे रेलमध्ये प्रेशर येईल, आणि इंजेक्टरांच्या आसपास पेट्रोल गळतंय का ते टॉर्च मारून बघा.

चालू झाल्यावर बॅटरीचा मायनस ते इंजिनाचा ब्लॉक व्होल्टेज मोजा, दिवे आणि पंखा चालू ठेवून. ०.२ च्या वर दिसलं तर अर्थची पट्टी खराब आहे, तीही याच खेपेत बदला.